काचेवरचे पडळ

२७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने एका जनहित याचिकेवर निकाल दिला. देशातल्या कोणत्याही वाहनाच्या काचांवर काळी फिल्म लावता येणार नाही, लावलेली असेल ती काढावी लागेल, आणि ४ मे २०१२ पासून पोलिसांनी ती जागच्या जागी उतरवावी, असा त्याचा आशय होता. त्या मे महिन्यात शहरोशहरींच्या चौकांत दिसलेले दृश्य अनेकांच्या स्मरणात असेल. वाहतूक पोलीस गाडी बाजूला घेत, दार उघडायला लावत आणि काचेच्या कोपऱ्यात नख किंवा पाते घालून काळा पापुद्रा ओढून काढत. पदपथाच्या कडेला त्या फिल्मच्या गुंडाळ्या साचत.

ह्या घटनेकडे आजवर वाहतूक-नियमांच्या अंगाने पाहिले गेले आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. आम्ही भाषा आणि साहित्य शिकवणारी माणसे. काचेची पारदर्शकता मोजणे हा आमचा प्रांत नव्हे. परंतु रस्त्यावरून जाताना कोणी कोणाला पाहावे, कोणी कोणाच्या दृष्टीस पडू नये आणि दिसण्यात मान आहे की न दिसण्यात, हे प्रश्न सामाजिक इतिहासाचे आहेत. गाडीच्या काचेवरील काळी फिल्म हे त्या इतिहासातले अगदी अलीकडचे प्रकरण होय. ते समजून घ्यायचे तर मोटारीच्याही मागे, पालखी आणि मेणा ह्यांच्या काळात जावे लागते.

पालखी आणि मेणा हे दोन शब्द आज आपण सैलपणे एकाच अर्थाने वापरतो. जुन्या व्यवहारात त्यांतला भेद स्पष्ट होता. पालखी उघडी, मेणा बंदिस्त. दोन्ही भोयांच्या खांद्यावरून जात, पण त्यांचे सामाजिक अर्थ एकमेकांच्या उलट होते. पालखीत बसणे हा राज्याने द्यायचा मान होता. पेशवाईत एखाद्या सरदाराला किंवा मुत्सद्द्याला पालखी मिळे तेव्हा तिच्या खर्चाची नेमणूकही बांधून मिळे. त्या मानाचे सारे सार दिसण्यात होते. पालखीपुढे भालदार-चोपदार ललकारत, डोक्यावर अबदागीर धरले जाई, रस्त्यातली माणसे थांबून मुजरा करीत. पाहणारेच नसतील तर पालखीचा मान तो कसला? पंढरीच्या वाटेवर संतांच्या पादुका पालखीतूनच जातात, ह्यालाही हाच अर्थ आहे. वाटेवरच्या प्रत्येकाला दर्शन घडावे, ही त्या चालण्यातली मूळ गोष्ट. दिल्ली-आग्र्याच्या बादशहांची झरोक्यातून रयतेला दर्शन देण्याची रीतही ह्याच जातीची. औरंगजेबाने ती आपल्या कारकिर्दीत बंद केली, हा इतिहासकारांनी मुद्दाम नोंदवलेला बदल आहे. सत्ता असणाऱ्याने लोकांना दिसावे, ही अपेक्षा त्या काळच्या व्यवस्थेत पक्की बसलेली होती.

मेण्याचे तसे नव्हते. मेणा प्रामुख्याने थोर घरच्या स्त्रियांसाठी. त्याला पडदे असत, आणि आत कोण आहे हे बाहेरच्याने पाहू नये हीच त्याची योजना. म्हणजे न दिसणे हेही प्रतिष्ठेचेच लक्षण होते, पण ती प्रतिष्ठा घराण्याची. तिची किंमत मात्र त्या घराण्यातली स्त्री मोजत असे. शेतात राबणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या, डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या बाईला मेणा नव्हता आणि गोषाही नव्हता. ती सर्वांना दिसत होती, कारण तिला दिसू न देण्याइतकी ऐपत तिच्या घरात नव्हती. कोल्हापूर, ग्वाल्हेर, बडोदे अशा संस्थानी घराण्यांतून गोषाची पद्धत विसाव्या शतकातही टिकून होती. ती मोडणाऱ्यांत बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड ह्यांचे नाव ठळक आहे. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अध्यक्षपदी ह्याच गोषाबाहेर पडलेल्या महाराणी होत्या.

मोटार आली ती ह्या दोन परंपरांच्या मधोमध. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात आलेल्या पहिल्या मोटारी उघड्याच होत्या. पुढच्या वाऱ्या-धुळीला अडवायला काच आली ती नंतर, आणि तीही सुरुवातीला साधी. अपघातात अशा काचेचे सुरे होत. फ्रान्समधल्या एदुआर बेनेदिक्तूस ह्या कलावंत-रसायनज्ञाच्या हातून प्रयोगशाळेतले एक पात्र पडले; ते तडकले, पण विखुरले नाही. पात्रात सुकलेल्या द्रावणाचा पातळ थर काचेला आतून धरून राहिला होता, अशी हकीकत सांगतात. त्यावरून दोन काचांमध्ये चिवट थर घालून सुरक्षित काच करण्याची कल्पना निघाली आणि १९०९ साली तिचे पेटंट घेतले गेले. काचेवर थर चढवण्याचा उद्योग असा जीव वाचवण्याच्या हेतूने सुरू झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हिंदुस्थानातल्या संस्थानिकांनी परदेशी कंपन्यांकडून मोटारी बांधून घेतल्या तेव्हा ही दोन्ही वाहने त्यांत उतरली. महाराजांची मोटार दरबारी मिरवणुकीसाठी उघडी. राणीवशाच्या मोटारीला पडदे किंवा गडद काचा. म्हणजे पालखी आणि मेणा ह्यांचीच ही चाकांवरची रूपे होती. न दिसणे अजूनही स्त्रीकडेच होते.

ह्या वाटणीत बदल झाला तो स्वातंत्र्यानंतर, आणि फारसा गाजावाजा न होता. १९५०च्या दशकाच्या अखेरीस रस्त्यावर आलेली अँबॅसेडर ही पुढे कित्येक दशके सरकारी सत्तेची गाडी ठरली. पांढरा रंग, टपावर दिवा आणि मागच्या खिडक्यांना पडदे! हे पडदे कोणासाठी होते? आत बहुधा सचिव, जिल्हाधिकारी किंवा मंत्रिमहोदय बसलेले असत. मेण्याचा पडदा आता पुरुषाच्या, आणि तेही सत्ताधारी पुरुषाच्या, वाट्याला आला होता. टपावरचा दिवा सांगे की आत कोणी मोठे आहे. पडदा सांगे की ते कोण आहे हे पाहण्याचा अधिकार तुम्हांला नाही. पालखीचा मान आणि मेण्याचा आडपडदा हे दोन्ही एकाच गाडीत एकत्र आले, असा प्रसंग आमच्या समजुतीप्रमाणे ह्यापूर्वी आलेला नव्हता. लोकांच्या मतांनी निवडून आलेला माणूस लोकांना दिसेनासा झाला, आणि त्यात कोणाला वावगेही वाटले नाही.

काळ्या फिल्मने हा पडदा बाजारात आणला. तिचा कच्चा माल पॉलिएस्टर. हे द्रव्य इंग्लंडमध्ये १९४१ साली विनफील्ड आणि डिक्सन ह्या दोघा रसायनज्ञांनी सिद्ध केले. त्याचे तंतू कापडात गेले, आणि त्याचेच पातळ, पारदर्शक, न फाटणारे ताव निघू लागले. ह्या तावावर धातूची अतिशय सूक्ष्म वाफ बसवली की तो ऊन परतवू लागतो, हे अमेरिकेत १९६०च्या दशकात ध्यानी आले आणि प्रथम मोठ्या इमारतींच्या काचांना अशी फिल्म लागू लागली. मोटारीकडे ती नंतर वळली. तावातच रंग मुरवून केलेली फिल्म स्वस्त पडे, आणि आपल्याकडे रूढ झाली ती बहुतांशी हीच. आपल्या महाराष्ट्राचा ह्या कथेशी सरळ संबंध आहे. तासगावात जन्मलेल्या आबासाहेब गरवारे ह्यांच्या उद्योगसमूहाचा पॉलिएस्टर फिल्मचा कारखाना औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, उभा राहिला आणि तिथली ‘सन कंट्रोल’ फिल्म देशाबाहेरही जाऊ लागली. पुण्यात ज्यांच्या नावाच्या महाविद्यालयात पिढ्यान्‌पिढ्या साहित्याचे विद्यार्थी शिकले, तेच हे आबासाहेब.

‘सन कंट्रोल’ ह्या नावातच तिच्या समर्थनाचा युक्तिवाद आहे: उन्हापासून रक्षण. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा युक्तिवाद कोणी हसण्यावारी नेणार नाही. पण त्याची थोडी तपासणी करायला हवी. उन्हातल्या उष्णतेचा मोठा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येतो. हे किरण अडवणारी फिल्म जवळजवळ पारदर्शक असू शकते; उलट नुसत्या रंगाची काळीभोर फिल्म उजेड पुष्कळ अडवते, पण ऊन शोषून स्वतः तापते आणि त्या उष्णतेचा काही भाग आत सोडते. काळेपणा आणि गारवा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचवीस-तीस वर्षे दुकानांतून अधिक गडद फिल्मची मागणी होत राहिली, तेव्हा ग्राहक केवळ गारवा विकत घेत होता असे म्हणता येत नाही. तो अंधारही विकत घेत होता.

आणि हा अंधार बेकायदा होता. तोही २०१२ पासून नव्हे, तर १९८९ पासून. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ ह्यांतील नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. ह्यातला हिशेब अनेकांच्या ध्यानात येत नसे. दुकानदार सांगे, ‘ही पन्नास टक्क्यांची फिल्म आहे, नियमात बसते.’ पण काच स्वतःही थोडा उजेड खाते. काचेतून ८० टक्के उजेड येत असेल आणि तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली, तर आत पोचतो तो ८० चा निम्मा, म्हणजे ४० टक्के. नियम दुकानातच मोडला जाई. रस्त्यावर उभ्या असलेल्या हवालदाराकडे हे मोजायचे साधन क्वचितच असे, आणि साधन असले तरी काळी काच खाली करायला सांगण्याचे धाडस प्रत्येक वेळी होत असेल असेही नाही. आत कोण बसले आहे हे त्याला दिसत नव्हते! काळ्या काचेची खरी ताकद इथे होती. तिने आतल्या माणसाला लपवलेच, पण तो मोठा असण्याची शक्यताही सतत जागी ठेवली.

१९९०च्या दशकात आणि त्यानंतर उंच, रुंद गाड्यांचे युग आले. टाटा सुमो १९९४ मध्ये आली, नाशिकला तयार होणारी स्कॉर्पिओ २००२ मध्ये. जिल्ह्याच्या गावी, बाजार समितीच्या आवारात, निवडणुकीच्या दिवसांत तालुक्याच्या रस्त्यांवर ह्या गाड्या काळ्या काचा लावून धावू लागल्या. दिवा सरकारच देऊ शके. पडदा मात्र आता कोणालाही काही हजारांत मिळत होता. ज्याला सत्ता नाही त्याने सत्तेची निदान खूण तरी धारण करावी, हा मनुष्यस्वभाव आहे. तेव्हाच्या मराठी वाचकाला गोष्टीत ‘काळ्या काचांची गाडी येऊन थांबली’ एवढे वाक्य पुरे होई. त्यापुढे लेखकाला पात्राचे वर्णन करावे लागत नसे. ती गाडी हेच वर्णन होते.

२०११ साली दाखल झालेल्या याचिकेने ह्या सगळ्याला न्यायालयासमोर उभे केले. सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया, न्या. ए. के. पटनाईक आणि न्या. स्वतंत्र कुमार ह्यांच्या पीठापुढे ती चालली, निकाल न्या. स्वतंत्र कुमार ह्यांनी लिहिला. काळ्या काचांआडून होणारे गुन्हे, विशेषतः स्त्रियांवरील अत्याचार, अपहरणे, दहशतवादी कारवाया आणि पोलिसांना तपासणीत येणारा अडथळा हे त्यातले मुख्य मुद्दे होते. न्यायालयाने नियम १०० चा अर्थ असा लावला की ७० आणि ५० टक्के ही अट काच तयार होतानाच पुरी झाली पाहिजे. त्या काचेवर मागाहून काहीही चिकटवण्यास नियमात जागा नाही, मग ती फिल्म कितीही टक्क्यांची असो. टक्क्यांचा वाद असा एका फटक्यात संपला. मोजमापाची गरज उरली नाही, कारण आता फिल्म आहे की नाही एवढेच पाहायचे होते. हवालदाराला नखाने कोपरा उचलून पाहता येत होते.

आक्षेप पुष्कळ आले. काहींनी उन्हाचे आणि त्वचेच्या विकारांचे कारण दिले. काहींनी गाडीत एकट्या असणाऱ्या स्त्रीच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेचे. फिल्मच्या धंद्यात असणाऱ्यांनी आपल्या पोटापाण्याचे. ऑगस्ट २०१२ मध्ये न्यायालयाने हे अर्ज फेटाळले आणि मूळ आदेश कायम ठेवला. ‘झेड’ आणि ‘झेड प्लस’ दर्जाचे संरक्षण असणाऱ्यांसाठी मात्र, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या समितीने प्रत्येक प्रकरण पाहून, सवलत देण्याची मुभा ठेवली होती. मेणा पुरता मोडला नाही. त्यात कोणी बसावे ह्याची यादी लहान झाली.

आता उतरवण्याच्या क्रियेविषयी. फिल्म काचेला बाहेरून लावलेली असते, अशी अनेकांची समजूत असते. ती आतून लावतात, म्हणजे पाऊस-धुळीने खराब होत नाही आणि वायपरने खरवडली जात नाही. त्यामुळे ती काढायचीही आतूनच. दार उघडल्याशिवाय, आतल्या माणसाला समोर आणल्याशिवाय, पोलिसाला ती काढता येत नव्हती. फिल्म नवी असेल तर कोपरा धरून सावकाश ओढल्यास सलग निघते. पण वर्षानुवर्षे ऊन खाल्लेली फिल्म अशी निघत नाही. तिचा रंग उडून जांभळट झालेला असतो, ताव ठिसूळ होतो आणि चिकटद्रव्यापासून सुटा होऊन तुकड्यातुकड्यांनी हातात येतो. काचेवर गोंदाचा चिवट, धुरकट थर मागे राहतो. मग ह्या काचेतून काळ्या काचेपेक्षाही वाईट दिसते. तो काढायला जाणते कारागीर वाफ किंवा केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा वापरतात, साबणाच्या पाण्याने भिजवून ठेवतात आणि मग पाते जवळजवळ आडवे धरून खरवडतात. मागच्या काचेवर दव वितळवणाऱ्या तारांच्या बारीक रेषा असतात. तिथे पाते चालवले तर रेषा तुटते आणि ती काच पुन्हा तापत नाही. म्हणून तिथे धीर हवा, आणि बोटेच बरी. चौकातल्या पोलिसाजवळ ना वाफ होती, ना वेळ. त्याने ताव ओढला आणि गाडी सोडली. गोंद ज्याचा त्याने घरी जाऊन काढायचा होता. दंडही मामुलीच होता: मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे पहिल्या खेपेस १०० रुपयांपर्यंत आणि पुढे ३०० पर्यंत. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातल्या ह्या रकमा ५०० आणि १,५०० झाल्या.

मराठीत ह्या गोष्टीसाठी एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे पडळ. डोळ्यावर आलेला दृष्टी अंधुक करणारा थर ते पडळ. संस्कृत ‘पटल’ ह्या शब्दावरून आलेले. ‘पडदा’ फारसीतून आला. दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात, पण त्यांतला अर्थाचा फरक महत्त्वाचा आहे. पडदा आपण लावतो आणि आपणच बाजूला करतो; तो कुणापासून काही झाकतो. पडळ आपल्याच दृष्टीवर येते आणि आपल्याच दिसण्यात अडथळा आणते. काळ्या फिल्मकडे गाडीमालक पडदा म्हणून पाहत होता. न्यायालयाने तिच्याकडे पडळ म्हणून पाहिले: रात्री चालवणाऱ्याला रस्त्यातला माणूस दिसत नाही, पोलिसाला आतला माणूस दिसत नाही, आणि आत कोणी संकटात असेल तर साऱ्या शहराला ते दिसत नाही.

हा शेवटचा मुद्दा आठ महिन्यांच्या आत भयानक रीतीने समोर आला. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत एका तरुणीवर ज्या खाजगी बसमध्ये अत्याचार झाला, ती बस बंद दारांनी, गडद काचा आणि पडदे लावून राजधानीच्या वाहत्या रस्त्यांवरून फिरत होती. पोलिसांच्या चौक्यांवरून ती गेली. एप्रिलचा आदेश सर्व वाहनांना लागू होता. ह्या बसला तो लागू झालाच नव्हता. त्यानंतर तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे ह्यांनी काळ्या काचा आणि पडदे असलेल्या बसगाड्या जप्त करण्याची घोषणा केली. मे महिन्यात मोटारींच्या काचा मोकळ्या करणाऱ्या यंत्रणेला डिसेंबरपर्यंत बसची काच दिसली नव्हती, ह्याचा अर्थ काय लावायचा? आम्हांला वाटते, काळ्या काचेचा प्रश्न तोपर्यंत मोठेपणाच्या खुणेचा प्रश्न म्हणून पाहिला जात होता. ज्या बसमधून सामान्य माणसे जातात, तिला मोठेपणाची खूण कोण मानणार?

इथे एक पेच उभा राहतो आणि तो टाळून हा इतिहास सांगता येणार नाही. एकट्याने गाडी चालवणारी स्त्री सिग्नलला थांबते तेव्हा शेजारच्या वाहनांतून तिच्याकडे रोखून पाहिले जाते. काळी काच तिला ह्या नजरांपासून सोडवत होती. ही तक्रार खरी आहे, आणि न्यायालयापुढेही ती गेली होती. परंतु तीच काच दुसऱ्या स्त्रीला वाचवू शकणाऱ्या नजरा अडवते. मेण्याच्या काळापासून हे असेच चालत आले आहे: पडदा स्त्रीच्या रक्षणासाठी आहे असे सांगितले जाते, आणि पडद्याआड तिचे काय होते हे कोणी पाहत नाही. ‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण आपण सहज वापरतो. तिच्यातली निष्ठुरता अशा वेळी कळते. मराठीत ‘काच’ ह्या शब्दाचा एक अर्थ जाच असाही आहे. सासरचा काच म्हणताना आपल्या आज्या-पणज्यांच्या डोळ्यांपुढे खिडकीची तावदाने खचितच नव्हती, पण बंद दाराआडचे दुःख नक्की होते. स्त्रीला नजरांचा जाच होऊ नये ही जबाबदारी काचेवर ढकलून चालत नाही. ती नजर टाकणाऱ्याची आहे, आणि ती त्याच्यावर टाकण्याचे काम कोणत्याही आदेशाने अजून पुरे झालेले नाही.

पुढच्या काही वर्षांत ह्या इतिहासाला आणखी दोन वळणे मिळाली. १ मे २०१७ पासून मंत्री आणि अधिकारी ह्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. अँबॅसेडरच्या काळातली दुसरी खूणही अशी गेली. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. हा निर्णय गाडीच्या काचांविषयी नव्हता. पण तो वाचताना मनात येतेच, की सार्वजनिक रस्त्यावर चालणारी माझी गाडी हे माझे घर की तो रस्त्याचाच एक भाग?

केंद्र सरकारने नियम १०० मध्ये दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लास’च्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आणला. आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेली काचही त्या व्याख्येत बसते. ह्या दुरुस्तीच्या आधारे सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के प्रकाश येऊ देणारी फिल्म लावणाऱ्याला दंड करता येणार नाही. म्हणजे २०१२ साली एका फटक्यात संपलेला टक्क्यांचा वाद पुन्हा जिवंत झाला, आणि त्याच्याबरोबर मोजण्याच्या साधनाची गरजही. गडद काळी फिल्म मात्र पूर्वीइतकीच बेकायदा आहे. गावोगावी ती पूर्वीइतकीच दिसते, विशेषतः ज्या गाड्या थांबवण्याआधी हवालदार दोनदा विचार करील अशा गाड्यांवर.

ह्या निकालांकडे परस्परविरोधी म्हणून पाहता येईल, पण आम्हांला त्यांत एक सूत्र दिसते. थोडा उजेड कमी करण्याची, उन्हापासून वाचण्याची मुभा नागरिकाला असावी. परंतु स्वतः पाहायचे आणि पाहिले जायचे नाही, असा एकतर्फी अधिकार रस्त्यावर कोणालाही नसावा. पन्नास टक्क्यांच्या काचेतून आतला चेहरा दिसतो. त्या पन्नास टक्क्यांत सारा फरक आहे. पालखीतला सरदार रयतेकडे पाहत होता तेव्हा रयतही त्याला पाहत होती, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला पुष्कळ काही कळत असे. ह्या देवाणघेवाणीत समता नव्हती, हे उघडच आहे. पण तिच्यात नजरेला नजर होती. काळ्या काचेने तेवढीही ठेवली नाही.

फिल्म लावण्या-काढण्याची दुकाने अजूनही प्रत्येक शहरात आहेत, आणि तीच माणसे दोन्ही कामे करतात. जुनी फिल्म काढायला आलेल्या गाडीत तास-दीड तास गोंद खरवडत बसावे लागते, असे ते सांगतात. लावायला त्याहून कमी वेळ लागतो. सत्तेच्या आणि प्रतिष्ठेच्या खुणांचा अभ्यास करणाऱ्याने त्यांच्याकडे थोडा वेळ बसावे. २०१२ च्या मे महिन्यात ताव निघाले ते चौकांत, सर्वांसमक्ष आणि क्षणार्धात. गोंदाचे काम अजून चालू आहे.